ड्रिपर स्वस्तात मिळेल, खर्च दुसरीकडे आहे

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: "वय तेहेतीस. बारा वर्षं रोज पंधरा-सोळा सिगारेटी ओढल्या. पाच महिन्यांपूर्वी छोट्या पॉडवर, म्हणजे खिशात मावणाऱ्या साध्या ई-सिगारेटवर आलो. २० मिलिग्रॅमचं लिक्विड वापरतो, दिवसाला साधारण २ मिली संपतं. तेव्हापासून एकही सिगारेट ओढलेली नाही. पण आता पॉडमध्ये मन रमत नाही. चव बोथट लागते, वाफ नावापुरती येते. एका मित्राकडे ड्रिपर (हाताने लिक्विडचे थेंब टाकून ओढायचा ई-सिगारेटचा वरचा भाग) ओढून पाहिला आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. तो त्याचा जुना ड्रिपर, तो बसवायची एक मेकॅनिकल ट्यूब (बॅटरीची नळी) आणि दोन वापरलेल्या बॅटऱ्या अगदी कमी पैशांत द्यायला तयार आहे. माझ्या हाताशी पैसे बेताचेच आहेत. बायको म्हणते, 'सिगारेट सुटावी म्हणून हे घेतलंस, आता याचाच नाद लावून घेतोयस.' घरात दोन वर्षांची मुलगी आहे. मी राहतो त्या देशात ही साधनं कायद्याने विकली जातात. मित्राचं सामान घेऊ, की नवा स्वस्त ड्रिपर बघू?"

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य तुम्ही मध्येच, जाता जाता लिहून टाकलंय: पाच महिने एकही सिगारेट नाही. बारा वर्षांची सवय मोडणं काय असतं ते मी स्वतः भोगलंय, म्हणून आधी तुमचं मनापासून अभिनंदन. आता जे काही ठरवायचं ते या पाच महिन्यांना धक्का न लावता ठरवायचं. माझं पुढचं सगळं बोलणं याच एका गोष्टीभोवती आहे.

हे सदर इतरही वाचतात, म्हणून आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. ज्यांनी कधी सिगारेट ओढलेली नाही त्यांनी या वाटेला जाऊच नये. ही वाफ म्हणजे पाण्याची वाफ नव्हे. ती प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वादद्रव्यांचे बारीक थेंब आहेत. जळत्या तंबाखूच्या धुरापेक्षा तिच्यात विषारी द्रव्यं बरीच कमी असतात, पण मोकळ्या हवेची बरोबरी ती करू शकत नाही. दुसरं म्हणजे कायदा. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि साठा सगळ्यावर बंदी आहे. तिथल्या वाचकांनी सिगारेट सोडण्यासाठी डॉक्टरांशी बोलून निकोटीनचं च्युइंगम किंवा पॅच यांचा मार्ग धरावा, या उत्तरातली जुळवाजुळव करायला जाऊ नये.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही विचारलंय, हा ड्रिपर की तो. म्हणजे ड्रिपर घ्यायचा हे तुम्ही धरूनच चाललाय. मला तिथेच जरा थांबावंसं वाटतं. पॉडमध्ये मन रमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते नेमकं कधी रमत नाही? सकाळी उठल्या-उठल्या, जेवणानंतर, कामाच्या ताणात? की रात्री सगळं आवरून निवांत बसल्यावर? या दोन वेळांमागची कारणं वेगळी असतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

सकाळची आणि जेवणानंतरची ओढ ही निकोटीनची तलफ आहे. तिला ड्रिपर पुरा पडेलच असं नाही, कारण ड्रिपरमध्ये तुमचं २० मिलिग्रॅमचं लिक्विड चालत नाही. पॉड एका झुरक्यात थोडीशी वाफ देतो, म्हणून त्यात निकोटीन जास्त ठेवलेलं असतं. ड्रिपर एका झुरक्यात त्याच्या कित्येक पट वाफ देतो आणि ती थेट छातीत ओढायची असते. त्यामुळे त्यात एका मिलीमागे ३ मिलिग्रॅम, फार तर ६ मिलिग्रॅम निकोटीन वापरतात. पॉडची बाटली ड्रिपरवर ओतली तर चार झुरक्यांत मळमळ, गरगर आणि छातीत धडधड सुरू होईल. नव्या माणसाकडून होणारी ही अगदी नेहमीची चूक आहे, कारण घरात तीच बाटली समोर असते. तेव्हा तुमची अडचण सकाळची असेल, तर ३ मिलिग्रॅमवर उतरताच शरीर कुरकुर करायला लागेल, आणि त्या कुरकुरीवरचा बारा वर्षं पाठ असलेला उपाय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. मला भीती आहे ती याची.

निवांत वेळची ओढ मात्र वेगळी असते. तिथे हाताला चाळा हवा असतो, चव हवी असते, तोंडभर वाफ हवी असते. ती हौस ड्रिपर खरोखर भागवतो. म्हणून एक आठवडा काहीही विकत न घेता वहीत एवढंच टिपून ठेवा: पॉड अपुरा वाटला ती वेळ कोणती, आणि तेव्हा तुम्ही काय करत होतात. सात दिवसांत चित्र स्पष्ट होईल. सकाळच्या नोंदी जास्त निघाल्या, तर ड्रिपर बाजूला ठेवा. पॉडचं कॉइल, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणारी वळलेली तार, वेळेवर बदलताय का ते बघा, स्वाद बदलून बघा, झुरका सावकाश घेऊन बघा. बोथट चवीमागे बऱ्याचदा तीन आठवडे तसंच चालवलेलं कॉइल असतं. रात्रीच्या नोंदी जास्त निघाल्या तर पुढचं वाचा.

पैशांचं गणित मांडतो, कारण पत्रात सगळा जोर त्यावर आहे आणि ते गणित बहुतेक जण उलटं मांडतात. ड्रिपर म्हणजे काय? धातूची एक बैठक, म्हणजे डेक. तिच्यावर तार कसायचे खांब, भोवती टोपी, वर तोंडाला लावायची टिप. टाकी नाही, काच नाही, आत हलणारं काही नाही. कॉइल आपण वळायचं, त्यात कापूस ओवायचा, वरून लिक्विडचे थेंब टाकायचे आणि ओढायचं. इतकी साधी वस्तू महाग असायचं कारणच नाही. तार तर नगण्य. १० मीटरच्या एका गुंडाळीत ऐंशीच्या आसपास कॉइलं होतात, आणि एक कॉइल धुऊन-तापवून काही आठवडे चालतं. तयार कॉइलं किंवा पॉड विकत घेण्याच्या मानाने हा खर्च जवळपास शून्य. म्हणूनच 'ड्रिपर स्वस्त पडतो' असं सगळे सांगतात.

पण लिक्विडचं कोणी बोलत नाही. आज तुमचं दिवसाला २ मिली संपतं. २५-३० वॉटवर चालणारा एका कॉइलचा ड्रिपर दिवसभर हातात राहिला, तर ७-८ मिली सहज पितो. महिन्याच्या ६० मिलीचे २४० मिली झाले. मोठ्या बाटलीत ३ मिलिग्रॅमचं लिक्विड मिलीमागे स्वस्त पडतं हे खरं, तरी चौपट ते चौपटच. दोन कॉइलं लावून ७०-८० वॉटवर गेलात, की हा आकडा आणखी फुगतो. मी सुरुवातीला ड्रिपर निवडायला पंधरा दिवस घालवले आणि लिक्विडचा हिशेब एकदाही केला नाही. दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर बाटल्या संपल्या आणि खिशातले पैसेही. त्या आठवड्यात मी तीन सिगारेटी ओढल्या. त्या तीन सिगारेटी मला आजही आठवतात.

त्यामुळे माझी पहिली शिफारस अशी: पॉड सोडू नका. दिवसभर पॉडच हाताशी ठेवा आणि ड्रिपर फक्त घरी, संध्याकाळच्या तासाभरापुरता. तेवढ्यात २ मिली लिक्विड संपेल, फार तर अडीच. हौस भागेल, तलफेची सोय जागच्या जागी राहील आणि महिन्याचा खर्च आवाक्यात राहील. तसाही ड्रिपर घराबाहेर गैरसोयीचाच. पाच-सहा झुरक्यांनी थेंब टाकावे लागतात, आडवा ठेवला की गळतो, आणि गाडी चालवताना त्याला हात लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं.

आता मित्राचं सामान. त्यातल्या तीन वस्तूंचा निवाडा वेगवेगळा करायला हवा.

ड्रिपर घ्या. जुना असला तरी चालतो. सगळे भाग सुटे करा, कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून तासभर भिजवा, जुन्या ब्रशने खांबांची भोकं घासा, खळखळून धुऊन पूर्ण वाळवा. रबराच्या चकत्या नव्या टाका. तार दाबून धरणारे स्क्रू एकेक फिरवून बघा. स्क्रूची खाच झिजून गुळगुळीत झाली असेल किंवा आटे घसरत असतील, तर ती तार नीट आवळली जाणार नाही. आणि धन बाजूचा खांब ज्या इन्सुलेटरवर, म्हणजे वीज अडवणाऱ्या तुकड्यावर बसतो तो तडकलेला किंवा वितळलेला दिसला, तर ड्रिपर फुकट मिळाला तरी नको. २२ मिलिमीटर व्यासाचा, एका कॉइलसाठीचा, आत पोकळी लहान असलेला ड्रिपर तुमच्यासाठी उत्तम. पोकळी लहान असली की कमी वॉटवरही चव दाटून येते. मित्राचा दोन कॉइलांचा आणि मोठ्या तोंडाचा निघाला, तर त्यापेक्षा नवा साधा एका कॉइलचा घेतलेला परवडेल.

मेकॅनिकल ट्यूब घेऊ नका. मित्र चांगला माणूस असेल, स्वतः वर्षानुवर्षं वापरत असेल, तरी घेऊ नका. ही ट्यूब म्हणजे एक पोकळ नळी, एक बॅटरी आणि एक बटण. मध्ये कुठलंही सर्किट नाही. बटण दाबलं की बॅटरी सरळ कॉइलला जोडली जाते, आणि काही बिघडलं तर थांबवणारं कोणी नाही. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते. कॉइल ०.८ ओहमचं असेल तर सव्वापाच अँपिअर प्रवाह वाहील, काही बिघडत नाही. तेच कॉइल ०.२ ओहमचं निघालं तर २१ अँपिअर, आणि चांगल्या बॅटऱ्यांपैकी बऱ्याच जणींची सततची मर्यादा २० अँपिअरच असते. तारेचं एक टोक टोपीला टेकलं तर रोध जवळजवळ शून्यावर येतो, आणि मग बॅटरी तुमच्या हातातच तापत जाते. काही ट्यूबांमध्ये ड्रिपरची तळाची पिन थेट बॅटरीवर टेकते. ती पिन बाहेरच्या आट्यांपेक्षा पुरेशी पुढे आलेली नसेल, तर बटण दाबताच शॉर्ट होतो. २०१८ आणि २०१९ मध्ये अमेरिकेत अशी साधनं फुटून दोन माणसं दगावली. ओहमचा नियम ज्याच्या बोटांवर आहे आणि प्रत्येक कॉइल जो मीटरवर मोजतो, त्यानेच ही ट्यूब हाताळावी. तुमचं पहिलं कॉइल अजून वळायचं आहे.

बॅटऱ्यांना तर हातही लावू नका. वापरलेली लिथियम बॅटरी किती वेळा पडली, किती वेळा पार रिकामी झाली, तिचं वेष्टण कुठे फाटलंय, हे बाहेरून कळत नाही. या बॅटऱ्यांना १८६५० म्हणतात: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा आकार. त्यांचं बाहेरचं जवळजवळ सगळं कवच ऋण बाजूचं असतं. पातळ वेष्टण टरकलं आणि आतला धातू ट्यूबला टेकला, तर तोच शॉर्ट.

मित्राला वाईट वाटेल याची चिंता करू नका. "ड्रिपर दे, बाकीचं मी सर्किटवाल्या मॉडवर शिकतो" एवढं म्हणा. मॉड म्हणजे ड्रिपर ज्यावर बसतो तो बॅटरीचा भाग. ज्याला यातलं कळतं तो उलट बरं म्हणेल.

म्हणजे तुमचे बेताचे पैसे कुठे घालायचे हे ठरलं: एका बॅटरीचा साधा, सर्किट असलेला मॉड, एका चांगल्या कंपनीची नवी बॅटरी, आणि बाहेरचा चार्जर. मॉड कॉइलचा रोध पडद्यावर दाखवतो, शॉर्ट असेल तर बटण दाबूनही पेटत नाही, बॅटरी फार उतरली की स्वतः थांबतो. त्यावर रंगीत पडदा नको, २०० वॉटची ताकद नको. तुम्हाला २५-३० वॉट लागणार आहेत, आणि तेवढ्यासाठी बॅटरी जवळजवळ उतरलेली असतानाही साधारण दहा-अकरा अँपिअरच ओढले जातात. म्हणजे २० अँपिअरच्या बॅटरीवर ताण नाही. सॅमसंगची २५आर हे याचं जुनं, खात्रीचं उदाहरण: क्षमता २५०० एमएएच, सततची मर्यादा २० अँपिअर.

बॅटरीवरच्या आकड्यांनी फसू नका. एकदा एका दुकानातून मी ९९०० एमएएच लिहिलेली बॅटरी आनंदाने घरी आणली होती. हातात घेतल्यावर ती जुन्या बॅटरीपेक्षा हलकी लागली, आणि दोन तासांत उतरली. या आकारात तेवढी क्षमता बसूच शकत नाही. चांगल्यातली चांगली ३५०० च्या आसपास जाते, आणि जिची क्षमता जास्त तिची प्रवाहाची मर्यादा सहसा कमी. काही वेष्टणांवर ४० अँपिअर असं ठळक लिहिलेलं असतं, पण तो आकडा क्षणभराच्या झटक्याचा असतो. बघायची ती सततची मर्यादा. बॅटरी सुटी खिशात टाकायची नाही. किल्ली किंवा नाण्याला टेकली की मांडीवर आग. प्लास्टिकची डबी अगदी स्वस्त मिळते. चार्जिंग आपण जागे असताना, अंथरुणापासून लांब, फरशीवर.

आता पहिलं कॉइल. इथे घाई करू नका, कारण लोक ड्रिपर सोडून देतात ते इथेच कंटाळून.

तार घ्या २६ गेज जाडीची कँथल, म्हणजे तापवण्यासाठी वापरतात त्या मिश्रधातूची. निक्रोम आणि स्टीलच्या तारा चांगल्या असतात, पण कँथल ताठ असते, घेतलेला आकार सोडत नाही आणि शिकाऊ हाताला सांभाळून घेते. तारांवर तारा गुंडाळलेली नक्षीदार कॉइलं सध्या विसरा. ३ मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत दांड्यावर तार ओढून धरत सहा वेढे घ्या, एकाला एक चिकटून. दोन्ही पाय डेकच्या भोकांत घाला, स्क्रू आवळा, दांडा अजून आतच ठेवून कॉइल मधोमध आणि हवेच्या भोकासमोर येईल असं सरकवा. उरलेली तार अगदी मुळाशी कापा. मिलिमीटरभर टोक बाहेर राहिलं तरी ते टोपीला टेकतं. माझं पहिलं कॉइल असंच टेकलं होतं. मॉडच्या पडद्यावर 'शॉर्ट' अशी अक्षरं आली आणि काहीच झालं नाही. ट्यूब असती तर काय झालं असतं हे मला तेव्हा समजलं.

मॉडवर बसवा, रोध वाचा. ०.८ ओहमच्या आसपास यायला हवा. ०.७ किंवा ०.९ आला तरी ठीक. आकडा सतत उड्या मारत असेल तर स्क्रू सैल आहे. मग १२ वॉटवर, कापूस न घालता, बटण क्षणभर दाबून सोडा. पुन्हा दाबा, सोडा. कॉइल मधून लाल होत दोन्हीकडे पसरलं पाहिजे. एखादाच वेढा आधी लखलखला, तर बटण सोडून चिमट्याच्या टोकाने वेढ्यांवरून तंबोऱ्याच्या तारा छेडाव्या तशी हलकी खरड मारा, मग सगळे वेढे मिळून दाबा, आणि पुन्हा बघा. तीन-चार वेळांत जमतं. तो लाल रंग मधून कडेला सारखा पसरताना पहिल्यांदा दिसतो, तेव्हा मनाला फार बरं वाटतं. हा नाद लोकांना का लागतो ते त्या क्षणी कळतं, आणि तुमच्या पत्नीचं म्हणणंही.

कॉइल पूर्ण गार होऊ द्या. कापूस हीच खरी कला. पट्टीतून एक फीत काढा, टोक पिळून बारीक करा आणि कॉइलमधून ओढा. ओढताना बोटांना किंचित अडल्यासारखं वाटलं पाहिजे, पण कॉइल जागचं हलता किंवा वाकता कामा नये. सटकन निघाला तर कापूस कमी, त्यावर लिक्विड सांडत राहील आणि थेंब ओठावर उडतील. कॉइल कापसाबरोबर ओढलं जात असेल तर कापूस जास्त, त्यातून लिक्विड वर चढणार नाही आणि तो जळेल. शेपट्या डेकच्या कडेइतक्या कापा, चिमट्याने विंचरून विरळ करा, आणि तळाच्या खोलगट भागात अलगद बसवा. कोंबू नका. नव्वद टक्के जळकी चव या कोंबण्यातून येते, असं मी माझ्या आणि मित्रांच्या ड्रिपरांवरून सांगतो.

मग कापूस थेंबाथेंबाने पूर्ण भिजवा. बटण न दाबता त्याचा पांढरा रंग जाऊन तो काचेसारखा झाला की पुरे. लिक्विड ७० टक्के ग्लिसरीन आणि ३० टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल या मापाचं घ्या, दाट असतं, ड्रिपरला मानवतं. २० वॉटपासून सुरू करा, सावकाश वर जा. एका वेळी पाच-सहा थेंब. जास्त टाकलं तर हवेच्या भोकातून बाहेर ओघळतं. चव जराशी फिकी पडली की थेंब टाका. घसा खरवडेपर्यंत थांबायचं नाही. कोरडा कापूस जळताना जी वाफ येते तिच्यात फॉर्माल्डिहाइडसारखी त्रासदायक द्रव्यं तयार होतात. जळकी चव आली की तो झुरका सोडून द्या आणि कापूस बदला, 'होईल ठीक' म्हणून ओढत राहू नका. एरवी दोन-तीन दिवसांनी कापूस काढायचा, कॉइल कोरडं तापवायचं, गार झालं की पाण्याखाली धरायचं, नवा कापूस. गोड स्वाद कॉइलवर लवकर काळा थर धरतात, त्यामुळे कमी गोडाचं लिक्विड निवडलंत तर कापूसही जास्त टिकेल.

खर्च वाचवायला घरी लिक्विड बनवायचा विचार पुढेमागे येईल. निदान सहा महिने तो बाजूला ठेवा. त्यासाठी निकोटीनचं तीव्र द्रावण घरी ठेवावं लागतं, आणि तुमच्या घरात दोन वर्षांचं मूल आहे. आणि कुठल्याही कारणाने लिक्विडमध्ये तेल किंवा तेलकट अर्क घालायचा नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वाफ ओढणाऱ्या हजारो लोकांची फुप्फुसं गंभीर आजारी पडली. त्या साथीशी घट्ट जोडलेलं द्रव्य म्हणजे गांजाच्या अर्काच्या काडतुसांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई अॅसिटेट. तेही तेलकट.

मुलीसाठी थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पत्नीच्या बोलण्यात मला ही काळजीही ऐकू येते. पॉड बंद असतो. ड्रिपर म्हणजे उघडी बाटली, रोज, अनेक वेळा. लिक्विडला फळांचा वास येतो आणि ते लहान मुलाच्या पोटात गेलं तर विषबाधा होते. बाटली कुलपात, उंचावर. थेंब टाकायचे ते एकाच ठराविक टेबलावर, खाली कागद घालून, आणि लगेच बाटलीचं झाकण लावून. हात धुतल्याशिवाय मुलीला उचलायचं नाही. जुना भिजलेला कापूसही झाकणाच्या डब्यात, उघड्या टोपलीत नाही. तारेची कापलेली टोकं उडतात आणि सुईसारखी टोचतात. कापताना वर तळहात धरा, आणि शेवटी टेबलावरून, फरशीवरून एक चुंबक फिरवा. कँथलला चुंबक धरतं, निक्रोमला धरत नाही, कँथल घ्यायचं हेही एक कारण. मुलगी ज्या खोलीत असेल तिथे ओढायचं नाही.

पत्नी म्हणतात तो नाद लागण्याचा धोका खरा आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात ई-सिगारेट मिळालेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षाअखेर सिगारेटपासून दूर होते, च्युइंगम-पॅचसारखी साधनं मिळालेल्यांपैकी ९.९ टक्के. पण त्या १८ टक्क्यांतले ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. सिगारेट सुटते, हातातली वस्तू राहते. म्हणून पत्नीशी वाद घालण्यापेक्षा त्यांना दोन आकडे सांगा: महिन्याला लिक्विडवर जास्तीत जास्त किती खर्च करणार, आणि पॉडचं निकोटीन २० वरून १० वर कधी आणणार. दुसऱ्या आकड्याला घाई नको. पाच महिने झालेत, आणखी दोन-तीन महिने स्थिर काढून मग उतरा. हे दोन्ही आकडे त्याच वहीत लिहा, जिच्यात आठवडाभराच्या नोंदी आहेत.

ड्रिपर आणल्यावर पहिल्या पंधरवड्यात सिगारेटची आठवण पूर्वीपेक्षा जास्त यायला लागली, तर त्याचा अर्थ शोधत बसू नका. ड्रिपर धुऊन, वाळवून डबीत ठेवा, बॅटरी काढून तिच्या डबीत, आणि पुन्हा पूर्ण वेळ पॉडवर या. महिन्याभराने परत बघता येईल. तसं झालं नाही, संध्याकाळचा तासभर छान जायला लागला, तर मला लिहा. तेव्हा ६ मिलिग्रॅम ठेवायचं की ३, आणि कॉइलचा व्यास बदलून चव कशी वाढवायची, यावर बोलू.